विस्तव कुणी आणायचा?

जूनमधला शनिवार, सकाळचे पावणेसात. फोनवर लॅबच्या पोराचं नाव दिसलं तेव्हाच कळलं, रात्री बत्ती गेली होती.

इंदिरापुरममधल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबचा सर्व्हर मी सांभाळते. नोकरी सांभाळून केलेलं वरचं काम. पैसे ठरलेले, कटकट बेहिशेबी. "दीदी, मशीन तो चालू है, पर पर्ची नहीं निकल रही," पोरगा सांगत होता. मागून माणसांचा गलका ऐकू येत होता. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले लोक, त्यांत शुगरवाले दोघं-तिघं, म्हणजे सकाळी सातलाच भांडायच्या तयारीत. नोएडाच्या सेक्टर 62 मधून मी पंधरा मिनिटांत पोचले. जिन्याखालच्या कपाटात सर्व्हर शहाण्यासारखा घुरघुरत होता. एक कमांड दिली आणि दोन सेकंदांत पावत्या निघायला लागल्या. मला राग आला तो त्याचाच. दोन सेकंदांचं काम होतं, तर या ठोंब्यानं ते आपण होऊन का केलं नाही?

तिथून वसुंधरा जवळ, म्हणून मामाकडे गेले. मामा एका औष्णिक वीजकेंद्रात शिफ्ट इंजिनिअर होता, 2014 साली रिटायर झाला. आता सत्तरी ओलांडली आहे, पण घरातला दिवा लुकलुकला तरी खुर्चीतून अर्धा उठतो. मामीनं कैरीचं पन्हं पुढे ठेवलं आणि मी सगळा वैताग ओतला.

"थांब," मामा म्हणाला. "मशीन चालू आणि काम बंद, हे मला नीट सांग. वीज आल्यावर मशीन आपोआप उठतं का?"

"सांगितलं तर उठतं. बायोसमध्ये एक सेटिंग असतं, वीज गेली आणि परत आली तर काय करायचं याचं. गपचूप बंद राहायचं, चालू व्हायचं, की आधी जसं होतं तसं व्हायचं. बऱ्याच ठिकाणी हे कुणी बघितलेलंच नसतं आणि मग पहाटे कुणीतरी जाऊन बटण दाबतं. मी ते पहिल्याच दिवशी बदललं होतं."

"मग?"

"मग ऑपरेटिंग सिस्टीम उठते, आणि ती बाकीच्यांना उठवते. आमच्याकडे सिस्टीमडी नावाचा मुकादम आहे. लिनक्स उठलं की पहिली प्रोसेस त्याची, नंबर एक. कुणाला कधी उठवायचं याच्या चिठ्ठ्या त्याच्याकडे असतात, प्रत्येक सर्व्हिसची एक. आता 'स्टार्ट' म्हटलं तर तो आत्तापुरतं चालू करतो. 'एनेबल' म्हटलं तर दर वेळी उठल्यावर चालू करतो. या दोन्हींत लोक हमखास फसतात. मागच्या वर्षी मीच फसले होते. स्टार्ट केलं, चाललं, खुशीत घरी गेले. चार महिने चाललं. मग पहिल्यांदा मशीन बंद होऊन उठलं आणि लॅबचं सॉफ्टवेअर झोपलेलं."

"म्हणजे चूक त्या दिवशी झाली नाही, चार महिने आधीच झाली."

"हो, पण ती त्या वेळी दिसत नाही ना! या प्रकारातली सगळी चूक अशीच. जोवर वीज जात नाही तोवर सगळं बरोबर असतं."

मामा हसला. त्याच्या धंद्यातही असंच असावं.

"आज तर एनेबलही होतं," मी म्हटलं. "चिठ्ठीत क्रमही लिहिला होता, आधी डेटाबेस, मग लॅबचं सॉफ्टवेअर. आणि पडलं तर पुन्हा उठव, हेही. रात्री अडीचला वीज गेली. पूर्वी बिल्डिंगचा डिझेल जनरेटर होता, पण दिल्ली-एनसीआरमध्ये 1 ऑक्टोबर 2023 पासून धूर रोखायचं उपकरण किंवा गॅसची जोड नसेल तर तो चालवता येत नाही. बिल्डिंगवाल्यांनी खर्च नको म्हणून तो नुसताच झाकून ठेवलाय. यूपीएस वीस मिनिटं टिकला आणि मशीन धाडकन पडलं. पाचला वीज आली, मशीन उठलं. आता डेटाबेस असा मध्येच पडला ना, की उठल्यावर आधी स्वतःचा हिशोब जुळवतो. अर्धवट राहिलेल्या नोंदी वहीतून वाचून पुऱ्या करतो. त्याला आज चाळीसेक सेकंद लागली. तेवढ्यात सॉफ्टवेअर उठलं, डेटाबेसचं दार वाजवलं, आतून उत्तर आलं की अजून तयारी चाललीय. सॉफ्टवेअर तिथल्या तिथे पडलं. मुकादमानं पुन्हा उठवलं, ते पुन्हा पडलं. असे पाच हेलपाटे, सगळे मिळून सहा-सात सेकंदांत. मुकादमाचा नियम असा, की दहा सेकंदांत पाच वेळा उठवून झालं की नाद सोडायचा. त्यानं लॉगमध्ये लिहिलं की फार भराभर पडतंय, आणि हात झटकले. अर्ध्या मिनिटानं डेटाबेस तयार झाला, पण त्याच्याकडे जायला कुणी उरलंच नव्हतं."

"शहाणा आहे तुझा मुकादम," मामा म्हणाला.

"काय?"

"बरोबर केलं त्यानं. माझं म्हणणं विचारशील तर त्यानं एकदाही उठवायला नको होतं. पडलेल्या गोष्टीनं आपण होऊन उठू नये. का पडली ते आधी माणसानं बघावं, मग उठवावी."

मला वाटलं, गंमत करतोय. पण त्यानं ग्लास बाजूला ठेवला होता. म्हणजे गंमत नव्हती.

"मामा, पहाटे पाच वाजता लॅबमध्ये माणूस कुठला? सातला रांग लागते. कुणाच्या तरी बापाचं क्रिएटिनिन त्या कपाटात अडकलेलं असतं. तिथे माणूस बघेल, मग उठवेल, हे चालणार नाही."

"आमच्याकडे माणूस होता. रात्रपाळी त्यासाठीच असते. 30 जुलै 2012, सोमवार, पहाटे दोन तेहेतीस. बीना-ग्वाल्हेर 400 केव्हीची लाइन सुटली आणि उत्तरेचं ग्रिड गेलं. 36,000 मेगावॉटच्या आसपास लोड. मी ड्यूटीवर होतो. पहिलं काय होतं माहितीय? शांतता. टर्बाइनचा आवाज पस्तीस वर्षं कानात बसलेला असतो, तो उतरत जातो, आणि आपल्याला आपल्या चपलांचा आवाज ऐकू येतो."

हे मी आजवर तुकड्यातुकड्यानं ऐकलं होतं, पण पुढचं कधी विचारलं नव्हतं.

"मग चालू कसं केलंत?"

"चालू? आधी मरू द्यायचं नाही हे काम. रोटर तापलेला असतो. तसाच थांबला तर मध्ये वाकतो, मग महिनाभर बसा. म्हणून बॅरिंग गिअरवर तो अगदी सावकाश फिरवत ठेवायचा. बेअरिंगला तेल हवं, ते बॅटरीवरच्या पंपानं. बॅटरी किती तास जाणार, हेच डोक्यात. आणि चालू करायचं म्हणशील, तर वीजकेंद्राला चालू व्हायला वीज लागते. बॉयलरला हवा देणारे पंखे, पाणी चढवणारे पंप, कोळसा दळणाऱ्या चक्क्या, सगळं विजेवर. केंद्र जेवढी वीज करतं त्यातली आठेक टक्के स्वतःच खातं. ती बाहेरून आल्याशिवाय आम्ही ढिम्म."

"मग पहिली वीज येते कुठून?"

"माझी आजी सकाळी चूल पेटवायची ना, तर काडी ओढायची नाही. काडी म्हणजे पैसे. राखेखाली रात्रीचा निखारा जपलेला असायचा. तो विझला असेल तर गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी जायचं आणि विस्तव आणायचा. ग्रिडचंही तेच. जलविद्युत केंद्र म्हणजे राखेखालचा निखारा. तिथे झडपा उघडायला थोडीशी वीज लागते, तेवढी छोट्या डिझेल जनरेटरवर भागते. नाहीतर शेजारच्या ग्रिडकडून आणायची. त्या दिवशी पूर्व आणि पश्चिम शाबूत होत्या, तिथून विस्तव आला. दुपारी चारला उत्तर भारत पूर्ववत झाला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकला पुन्हा गेला. या वेळी उत्तर, पूर्व, ईशान्य, तिन्ही. 48,000 मेगावॉट. मेट्रोच्या गाड्या बोगद्यात अडकल्या, माणसं रुळांवरून चालत बाहेर काढली. आणि आता शेजारीच विझलेला."

"हेच तर!" मी म्हटलं. "आधी जल, मग औष्णिकचे पंखे, मग बॉयलर, मग लोड. हा क्रमच झाला की. आणि क्रम मशीनला सांगता येतो. पूर्वी आमच्याकडेही हाताचंच काम होतं. फाइलींच्या नावापुढे आकडे टाकायचे, वीसवाली आधी, ऐंशीवाली नंतर. ज्याला तेही कळायचं नाही तो आरसी लोकल नावाच्या एका फाइलीत सगळं कोंबायचा. 2010 मध्ये लेनार्ट पॉटरिंगनं सिस्टीमडी मांडलं आणि म्हटलं, आकडे नकोत, कोण कुणावर अवलंबून आहे तेवढं सांगा. त्यावरून जगभरात जी भांडणं झाली! डेबियनवाल्यांच्या तांत्रिक समितीत फेब्रुवारी 2014 मध्ये मतं निम्मी-निम्मी पडली, अध्यक्षाच्या निर्णायक मतानं सिस्टीमडी आलं. काही जण चिडून वेगळे झाले, त्यांनी देवुआन म्हणून दुसरी चूल मांडली."

"पहिला कोण उठणार यावरून?"

"पहिला उठणाऱ्यानं किती कामं अंगावर घ्यावीत यावरून. ते म्हणत होते, मुकादमानं मुकादमकीच करावी, घरच चालवायला घेऊ नये."

"ते लोक मला आवडले," मामा म्हणाला. "पण तुझी चिठ्ठी तर होती. क्रम लिहिलेला होता. मग आज काय झालं?"

इथे मी अडकले. खरी चूक तिथेच होती आणि ती मला सकाळीच, लॅबच्या जिन्याखाली वाकून लॉग वाचताना, दिसली होती. डेटाबेसची चिठ्ठी माझ्या आधीच्या माणसानं हातानं लिहिलेली. त्यात प्रकार 'सिंपल' असा होता. त्याचा अर्थ, प्रोसेस जन्माला आली की मुकादम समजतो, झालं, हा उठला. तो तयार आहे का हे विचारतच नाही. दुसरा प्रकार असतो 'नोटिफाय', त्यात उठणारा स्वतः आतून कळवतो की मी आता तयार आहे, आणि तोवर मुकादम पुढच्याला हलवत नाही. 'आफ्टर' लिहून मी निश्चिंत होते, पण ते कशाच्या नंतर हे बघितलंच नव्हतं.

"चूल पेटली, आणि तू पानं मांडलीस," मामा म्हणाला.

"हो. पण म्हणून पानं मांडायलाच माणूस हवा, हे मला पटत नाही. चिठ्ठी सुधारायची."

"चिठ्ठीत सगळं मावत नाही गं. वीज आली की प्रत्येक घरातला एसी, फ्रिज, पंप एकदम सुरू होतो. एरवी ते आलटूनपालटून चालतात, वीज गेल्यावर सगळे एकदम भुकेले. 19 जून 2024 ला दिल्लीची मागणी 8,656 मेगावॉटवर गेली होती. अशा दिवशी दिल्ली पडली आणि सगळी एका झटक्यात जोडली, तर नुकती उभी राहिलेली यंत्रं पुन्हा झोपतील. म्हणून फीडरमागून फीडर. एक जोडायचा, फ्रीक्वेन्सी पन्नासच्या आसपास ठरतेय का बघायचं, मग दुसरा. तो बघणारा माणूस असतो."

"तुमच्या लाइनी आपोआप जोडल्या जात नाहीत?"

मामा जरा थांबला. मला नेमकं हेच हवं होतं, कारण हे मी त्याच्याकडूनच शिकले होते. बारा-तेरा वर्षांची असताना त्यानं मला एका सबस्टेशनच्या कुंपणापाशी उभं करून दाखवलं होतं.

"400 केव्हीच्या लाइनीवर वीज कोसळली," मी म्हटलं, "की ब्रेकर उघडून लाइन तोडतो आणि सेकंदभरानं आपणच परत जोडतो. ऑटो-रीक्लोज. कुणाला विचारतो तो? पहाटे दोनला कुठला माणूस बघतो?"

"तो एकदाच करतो," मामा म्हणाला. "एकदा. फॉल्ट तसाच असेल तर पुन्हा उघडतो आणि मग उघडाच राहतो. पुढचं माणसाचं."

"पण एकदा तरी करतो!"

"कारण उघड्या तारेवरचे बहुतेक फॉल्ट क्षणाचे असतात. वीज चमकली, फांदी घासली, पक्षी मेला. सेकंदभरात हवा पुन्हा मोकळी होते. म्हणून तिथे परवानगी आहे. आता हे ऐक. जमिनीखालच्या केबलवर ऑटो-रीक्लोज ठेवत नाहीत. का? केबलचं इन्सुलेशन फुटलं की फुटलं. ते आपोआप बरं होत नाही. तिथे पुन्हा वीज सोडणं म्हणजे जखमेवर हातोडा. तेव्हा, बाई, तुझं यंत्र तार आहे की केबल, ते आधी सांग."

पन्ह्याच्या ग्लासाचं पाणी टेबलावर साचलं होतं. मामीनं ते पुसलं आणि म्हणाली, "तुमचं हे दुपारपर्यंत चालणार असेल तर मी कुकर लावते."

खरं सांगायचं तर या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, आणि धंद्यात पंधरा वर्षं काढून हा प्रश्न मी असा कधी विचारला नव्हता. लॅबचं सॉफ्टवेअर तार आहे. ते स्वतःजवळ काही ठेवत नाही, पडलं तर पडलं, हवं तितक्यांदा उठवा. डेटाबेस मात्र काही वेळा तार असतो, काही वेळा केबल. वीज जाऊन पडला तर तो स्वतःच सावरतो, त्यासाठीच त्याची ती वही असते. पण डिस्कच खराब होऊन पडला असेल, तर त्याला पुन्हा पुन्हा उठवणं म्हणजे मामा म्हणतो तेच. आणि दोन ठिकाणी ठेवलेला डेटाबेस असेल तर आणखी अवघड. मी मामाला गिटहब या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळाची गोष्ट सांगितली, स्वतःच्या विरुद्ध जाणारी असली तरी. 21 ऑक्टोबर 2018, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्यांच्या जाळ्यातला एक दुवा फक्त 43 सेकंद तुटला. तेवढ्यात त्यांच्या स्वयंचलित व्यवस्थेनं पश्चिमेकडचे डेटाबेस मुख्य करून टाकले. दुवा जुळला तेव्हा दोन्हीकडे अशा नोंदी होत्या, ज्या दुसऱ्याकडे नव्हत्या. सगळं नीट व्हायला 24 तास 11 मिनिटं लागली.

मामाचे डोळे चमकले. "सिंक्रोनायझिंग! 2012 ला बदरपूर वीजकेंद्राचा एक छोटा तुकडा तगून राहिला होता, आपल्यापुरता दिल्लीचा थोडासा भाग घेऊन. पण अशा बेटाला परत ग्रिडला जोडताना व्होल्टेज, फ्रीक्वेन्सी, फेज, तिन्ही जुळल्याशिवाय ब्रेकर मारायचा नसतो. सिंक्रोस्कोपचा काटा सावकाश बारावर यायची वाट बघायची. घाई केलीस तर शाफ्टला पीळ बसतो. दोघंही जिवंत असतात, म्हणून तर धोका. मेलेल्याला जोडणं सोपं."

"त्या सगळ्यासाठी रिले आहेत की आता. काटा न जुळता ब्रेकर लागूच देत नाहीत."

"आहेत. मी नाही कुठे म्हणतोय? रिले 'नको' म्हणतो. 'हो' माणूस म्हणतो. तुझ्या मुकादमाला तू 'हो' म्हणायचा अधिकार दिलायस."

हे वाक्य मला अजून छळतंय. त्या वेळी मी एवढंच म्हटलं, की छोट्या लॅबला 'हो' म्हणायला रात्रपाळीचा इंजिनिअर परवडत नाही. तुमच्यामागे अख्खं ग्रिड होतं, यांच्यामागे एक पोरगा आहे जो सातला येऊन आधी अगरबत्ती लावतो.

शेवटी लॅपटॉप उघडला. वसुंधरामध्ये बसून इंदिरापुरमच्या कपाटात शिरले आणि मामासमोर चिठ्ठ्या बदलल्या. डेटाबेसचा प्रकार 'नोटिफाय' केला. सुदैवानं तो डेटाबेस तसं कळवू शकणारा निघाला. मग सॉफ्टवेअरची चिठ्ठी. दोन प्रयत्नांमध्ये किती थांबायचं याचा आकडा तिथे लिहिलेलाच नव्हता, आणि न लिहिल्यास तो सेकंदाचा दहावा भाग असतो. म्हणून तर ते पाच हेलपाटे एका दमात संपले होते. मी वीस सेकंद लिहिले.

"आणि किती वेळा?" मामा म्हणाला.

"आता दहा सेकंदांत पाच होणारच नाहीत, त्यामुळे मर्यादा लागणारच नाही. होईपर्यंत करत राहील."

"अजिबात नाही."

"मामा!"

"रात्रभर पडत-उठत राहिलं तर सकाळी तुला वाटेल, चालू आहे. बंद पडलेलं निदान दिसतं."

घासाघीस झाली. भाजीवाल्याशी करतो तशी. तो एकावर होता, मी अमर्यादवर. शेवटी दहा मिनिटांत बारा प्रयत्न, त्यापुढे लॉकआउट, म्हणजे नाद सोडायचा, यावर सौदा पटला. बारा प्रयत्न म्हणजे सुमारे चार मिनिटं. डेटाबेसला स्वतःला आपोआप उठायची परवानगी एकदाच. पडला तर पडून राहायचं. हे मामानं मिळवलं. मग मी मशीन मुद्दाम रीबूट केलं, कारण हे सगळं बरोबर आहे की नाही ते रीबूट केल्याशिवाय कळत नाही, आणि ते करायचा धीर बहुतेकांना होत नाही. लॅबला आधी फोन करून विचारलं. रांग संपली होती. तीन मिनिटं आम्ही दोघं काळ्या पडद्याकडे बघत बसलो. आलं सगळं, क्रमानं.

"आता लॉकआउट झालं तर पोरगा काय करणार?" मामा म्हणाला. "त्याच्यासाठी कुठे काही लिहिलंयस?"

नव्हतं लिहिलं. मामीच्या वाणसामानाच्या वहीतलं एक पान फाडून मामानं स्वतः लिहायला घेतलं, हिंदीत, कंट्रोल रूमच्या लॉगबुकात लिहायचा तशा सुट्या ताठ अक्षरात. 'बिजली आने के बाद दस मिनट रुकें. बटन न दबाएँ.' मी म्हटलं पाच मिनिटं पुरेत. त्यानं दहाच ठेवली. 'पर्ची न निकले तो इस नंबर पर फ़ोन करें.' त्याखाली मी माझा नंबर सांगितला. तो लिहून झाल्यावर त्यानं खाली आणखी एक नंबर लिहायला सुरुवात केली. चार आकडे झाल्यावर माझ्या लक्षात आलं, तो त्याचाच होता.

"तू काय करणार? तुला सिस्टीमडी येत नाही."

"तू रात्री फोन सायलेंटवर ठेवतेस," तो लिहिता लिहिता म्हणाला. "मी चारला उठतोच."